रबाळ्याच्या गाळ्यातली जवारी

दरवर्षी राखीला ताई मिरजेला येते. यंदा तिच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला, म्हणून मीच ठाण्याला निघालो. भाच्याने फोनवरच अट घातली : "मामा, येतोयस तर शनिवार दुपारपासून तू माझा. रबाळ्याला यायचं आणि आमचं ऐकायचं."

'आमचं' म्हणजे काय, ते मला सात-आठ वर्षं अर्धवट माहीत होतं. हा मुलगा दिवसा ऐरोलीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुटीच्या दिवशी तारा, बटणं, खटके घेऊन बसतो. सिंथेसायझरचं, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रांचं, सायकेडेलिक म्हणतात तसलं संगीत. ताईच्या भाषेत 'ते ढुमढुम'. फोनवर त्याने पाठवलेले तुकडे मी दीड मिनिटाच्या पुढे कधी ऐकले नव्हते.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की आमचं घर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आहे. मी बँकेत चाकरी केली, गात नाही, वाजवत नाही. पण शेजारचे चाचा पन्नास वर्षं तानपुऱ्याच्या जवाऱ्या काढतायत, म्हणजे तारेखालची घोडी घासून सुराला झणकार आणतायत, तेव्हा कान फुकटात तयार झाला. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. चाचांनी पेढा खाल्ला आणि परत कानस हातात घेतली.

शुक्रवार

महालक्ष्मीने पहाटे कल्याणला उतरलो, तिथून लोकल. पाऊस असा, की छत्री उघडावी तर वारा ओढतो आणि मिटावी तर डोकं भिजतं. नौपाड्यात ताईकडे पिशवी टाकली आणि भाच्याबरोबर मामलेदार मिसळ खायला गेलो. आम्हा सांगली-मिरज-कोल्हापूरकडच्या लोकांना मिसळीचा फुकाचा गर्व असतो. आमचा कट दिसायलाच लालभडक. ही मिसळ दिसते साधी आणि दुसऱ्या घासाला कान धरते. मी ऐटीत 'तिखट' म्हणून बसलो होतो, त्यामुळे तीन ग्लास ताक प्यावं लागलं. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आणि पहिल्या वेळी तरी मध्यम मागा. गर्व घरी ठेवा.

तलावपाळीला एक फेरी, कौपिनेश्वराचं दर्शन, दुपारी झोप.

पौर्णिमा शुक्रवारी दुपारनंतर लागत होती, म्हणून कोळीवाड्यांतला नारळ शुक्रवारी आणि राखी शनिवारी असा योग होता. संध्याकाळी भाचा म्हणाला, "चल, दिवाळ्याला जाऊ. उद्या जे ऐकणार आहेस, त्याचं थोरलं भावंड दाखवतो."

ठाण्याहून नवी मुंबईला जायला ट्रान्स-हार्बर लोकल. फलाट ९-१०, पुलावरून बरंच चालायचं असतं, हाताशी पाच मिनिटं जास्त ठेवा. बेलापूरला पाऊण तास लागतो. गाडी सुटताना भाच्याने माझ्या खांद्याला हात लावला. "ऐक, मोटारचा सूर." आणि खरंच, गाडीखालून एक बारीक सूर निघाला, चढला, अडकला, खालच्या पायरीवर उडी मारून परत चढला. मोटारला वीज पोचवणारं इन्व्हर्टर वेग वाढेल तशी वारंवारिता बदलतं, त्याचा हा आवाज म्हणे. समोरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या. दोन बापे डोळे मिटून लोकलचं चाक ऐकतायत हे काही रोजचं दृश्य नाही.

बेलापूरहून रिक्षाने दिवाळे गाव. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती उघडून आठवडाच झाला होता, त्यामुळे जेट्टीवर होड्या रंगवून, झेंडे लावून उभ्या. एकाच रंगाच्या लुगड्यांतल्या बायका, पुढे सोनेरी कागदात मढवलेला हातभर नारळ, आणि त्यामागे हातगाडीवर ठेवलेल्या भोंग्यांसह बेंजो पार्टी.

बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारख्या कळा, एका हाताने दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. लाकडाचा एवढासा डबा. पण त्याला तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवतात, ॲम्प्लिफायर पार वर नेतात आणि इको सोडतात. मग तो आवाज बेंजोचाही राहत नाही आणि गिटारचाही होत नाही. पत्र्यावर ओलं बोट ओढावं तसा, पण सुरात. मागे ढोल-ताशा एकाच चालीवर वीस मिनिटं. कुणालाही 'पुढचं गाणं कधी' असा प्रश्न पडत नव्हता. माणसं नाचत होती, तिथल्या तिथे, पाय फारसे न उचलता.

विसाव्याला वाजवणाऱ्या काकांना मी विचारलं, आवाज फाटतो तो मुद्दाम का? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सूर मंगशी. पयला झनका पायजे."

एका आजींनी नारळाच्या करंज्या हातात कोंबल्या. परतीच्या गाडीत त्या खात मी झणक्याचा विचार करत होतो.

शनिवार

राखी. नारळीभात. ताईने साखरेऐवजी गूळ घातला होता आणि वर लवंगा मोजून सहा. हे सगळं नीट लिहायला हवं, पण ताई हे वाचणार नाही आणि तुम्हाला रबाळ्याचं ऐकायचंय.

दोनच्या लोकलने निघालो. रबाळे स्टेशनबाहेर एमआयडीसीचे रस्ते सुरू होतात. ट्रक, टपऱ्या, खड्ड्यांत साबणाच्या फेसासारखं काहीतरी. पावसाळ्यात इथे चपला नकोत, बूट घाला. गाळा म्हणजे पत्र्याची शेड. एका बाजूला प्लास्टिकच्या बाटल्यांचं काम, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग. चौघा मित्रांनी मिळून भाड्याने घेतलाय. आत भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. भाचा म्हणाला, अंड्यांच्या ट्रेने काही होत नाही, पण काढायचा कंटाळा.

माणसं चाळीसेक. माझा अंदाज होता की सगळी केस वाढवलेली पोरं असतील. होतीही थोडी. पण वाशीच्या इस्पितळातली एक नर्स होती, रात्रपाळी करून आलेली. घणसोलीचा एक इलेक्ट्रिशियन होता, जो गणपती मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. खारघरची एक मुलगी स्वतः सर्किटं सोल्डर करून सिंथेसायझर बांधते. तिच्या बोटांना डाग होते, जसे चाचांच्या बोटांना लाखेचे असतात. चपला दाराबाहेर. चहाचा मोठा थर्मास, वडापावची परात.

ताईने निघताना कानात विचारलं होतं, "तिथं काही घेत-बिघत नाहीत ना?" प्रश्न रास्त आहे. या संगीताच्या नावाला तो वास चिकटलेलाच आहे, आणि अशा पार्ट्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात त्या उगाच नाही. मी बघितलं ते असं, की या गाळ्यात दारावरच सांगतात, तसलं काही असेल तर परत फिरा. सहा तासांत मला चहाखेरीज कुणी काही देऊ केलं नाही.

सुरू व्हायच्या आधी भाच्याने माझ्या हातात एक छोटं चंदेरी यंत्र दिलं. वर सहा बारकी बटणं ओळीने, खाली एका सप्तकाच्या कळा. रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या सिंथेसायझरची नक्कल. अस्सल ३०३ जपानमध्ये १९८१-८२ च्या सुमारास निघालं. गिटारवाल्यांना घरी सराव करताना साथीला बेस वाजवणारं कुणी नसतं, त्यांच्यासाठी. बेस गिटारसारखं ते जराही वाजत नव्हतं आणि सूर भरायची पद्धत अशी किचकट, की लोकांनी नाद सोडला. दहाएक हजार नग बनवून कंपनीने ते बंद केलं. मग ते जुन्या बाजारात पडत्या भावात आलं. शिकागोतल्या पोरांनी घेतलं, बेसची साथ विसरून नुसती बटणं पिळली, आणि १९८७ च्या सुमाराला त्या पिळण्यातून ॲसिड हाउस नावाचं नाचायच्या संगीताचं प्रकरण निघालं.

"सोळा घरं असतात," भाचा म्हणाला. "प्रत्येक घरात एक सूर. ते फिरत राहतं."

"म्हणजे तीनताल."

"हो, पण पावणेदोन सेकंदांत एक आवर्तन."

एक सुविधा अशी आहे, की एखाद्या घराला 'स्लाईड' लावलं की सूर पुढच्या सुरावर घसरत जातो. यंत्राची मींड.

साडेतीनला सुरू झालं. सुरुवातीला, खरं सांगतो, मला पळून जावंसं वाटलं. मिनिटाला एकशेचाळीसवर ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार भाग, पहिल्यावर ढोल आणि उरलेल्या तिन्हींवर बेस : धुम्-ग-ग-ग, धुम्-ग-ग-ग. सम शोधत बसलो तर प्रत्येक ठोकाच सम. चाल नाही. कुणी गात नाही. मी फोनमध्ये आवाज मोजणारं ॲप उघडलं, काटा ९७ वर.

इथे एक कामाची गोष्ट सांगून टाकतो. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. मेडिकलमध्ये फोमच्या कानबोळ्या मिळतात, त्या चोळून बारीक करून आत सारायच्या आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायच्या. नर्सबाईंनी मला त्या बसवून दिल्या. त्यानंतरच मला संगीत ऐकू आलं. त्याआधी नुसता आवाज होता.

चार वाजून गेल्यावर केव्हातरी मी चाल शोधणं सोडलं. तेव्हा लक्षात आलं की सोळा सूर तेच आहेत, मघापासून तेच, पण आवाज तो नाही. बंद होता तो उघडत चाललाय. नाकातला होता तो घशात येतोय, मग टाळूला. मी उठून टेबलाशी गेलो. भाच्याची दोन बोटं एका बटणावर होती आणि बटण इतकं सावकाश फिरत होतं, की घड्याळाचा तासकाटा बरा.

हे मी पाहिलेलं आहे. चाचा तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा दोरा सरकवतात तेव्हा नेमकं असंच होतं. तार तीच, सूर तोच. दोरा केसभर पुढे गेला की एकाएकी सगळा सूर झणझणतो. आणखी केसभर गेला की मरतो.

साडेसहाला वीज गेली.

तोवर पाऊस आहे याचाच विसर पडला होता. आता पत्र्यावरचा पाऊस एवढा मोठा झाला, की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कुणीतरी टाळी धरली, पावसावरच. अंधारात दहा मिनिटं तेही चाललं. इलेक्ट्रिशियन टॉर्च घेऊन मेन स्विचकडे गेला आणि परत येऊन म्हणाला, आपल्याकडचं काही नाही, अख्ख्या गल्लीची गेलीय.

पाऊण तासाने आली. पण भाच्याचा चेहरा पडलेला. त्याच्याकडे मिनिमूगच्या जातीचं एक सिंथेसायझर आहे, तीन ऑसिलेटरचं, म्हणजे सूर काढणाऱ्या तीन भागांचं. असली ॲनालॉग यंत्रं तापायला वेळ घेतात आणि तापेपर्यंत त्यांचा सूर सरकत राहतो. उकाडा, दमट हवा, वर पंखा सुरू केला की पुन्हा फरक. ट्यूनरवरची अक्षरं नाचत होती.

"आषाढ-श्रावणात तानपुरा असाच उतरतो," मी म्हटलं. "सरक."

त्याने दोन ऑसिलेटर एका सुरावर सोडले. दोन्हींमध्ये डोल होता, वाँव-वाँव-वाँव, सेकंदाला तीनेक. दोन तारा एका सुराच्या जवळ असल्या पण जुळल्या नसल्या की जेवढं अंतर, तेवढ्या हेलकाव्यांचा डोल येतो. जोडीच्या तारा लावताना हेच ऐकायचं असतं : डोल मंदावत न्यायचा, थांबेपर्यंत. बटण खुंटीपेक्षा हलकं, पण तत्त्व तेच. दोनावर आलं. एकावर आलं. सेकंदाला एक, मग दोन सेकंदाला एक...

"बस, मामा! तिथंच ठेव."

"अजून जुळलं नाही."

"पूर्ण नको जुळवूस. तो डोलच पाहिजे."

मी हात काढला, पण मनातून नाराज झालो. आमच्याकडे डोल राहिला तर चाचा तानपुरा गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाहीत. इथे तो मुद्दाम ठेवतात, कारण आवाज त्यानेच हलता राहतो. वाद घालायला वेळ नव्हता. अजूनही मला ते पूर्ण पटलेलं नाही.

मग त्याने माझ्यासाठी म्हणून ढोल बंद ठेवला, नुसता तो खर्ज सोडला आणि फिल्टरचं बटण माझ्या हातात दिलं. फिल्टर वरचा भाग कापतो. खर्जाच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे अंश असतात, फिल्टर जिथे कापतो तिथला अंश 'रेझोनन्स' नावाच्या बटणाने उचलून धरता येतो. मी बटण फिरवत गेलो. वरचा षड्ज आला. पंचम आला. अजून वरचा षड्ज. आणि त्यानंतर, स्वच्छ, एकटा, गंधार.

यंत्रात गंधार कुणी भरलेला नव्हता. तानपुरा नीट लागला की कुणी न छेडलेला जो गंधार ऐकू येतो, स्वयंभू म्हणतात तो, खर्जाच्या पाचपट. तोच. मी बटण मागेपुढे करून तो चार वेळा आणला आणि घालवला. सोल्डरवाली मुलगी हसत म्हणाली, "काका, आता सोडा ना, लोक थांबलेत."

साडेनऊला सगळं बंद. लाऊडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि गोव्यात भागत असेल पण रबाळ्यात पोलीस चौकी लांब नाही, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. गोव्याच्या गोष्टीही तेव्हाच निघाल्या, वायरी गुंडाळता गुंडाळता. हणजुण्याच्या किनाऱ्यावर तबकड्या उन्हाने वाकायच्या म्हणून तिथले डीजे डॅट नावाच्या डिजिटल कॅसेटवर वाजवायचे. वाकलेल्या तबकडीमुळे एक पद्धत पडली. गोवा गिल नावाचा अमेरिकेतून आलेला माणूस तिथे वर्षानुवर्षं रात्रभर वाजवायचा, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला, हे नर्सबाईंनी सांगितलं. त्यांनी त्याला ऐकलं होतं.

रविवार

अंग मोडून आलेलं. तरी सकाळी बेलापूरला, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका अंगणाभोवती, अंगणं मोठ्या अंगणाला जोडलेली. आता बऱ्याच घरांवर मजले चढलेत आणि मूळ उतरती कौलं शोधावी लागतात, पण गल्ल्या अजून पायी चालायच्याच आहेत. पावसात शेवाळ असतं, जपून.

भाच्याच्या ओळखीचे एक काका तिथे राहतात, सत्तरीचे. पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. "कुठल्या का कंपनीचा असेना, लोक मला कॅसिओवालाच म्हणायचे," ते म्हणाले. गडकरी रंगायतनला कार्यक्रम असला की तंबोऱ्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, मोटारसायकलचा आवाज, सगळं त्यांच्याकडून. त्यांनी कांदेपोहे पुढे ठेवले आणि एक तबकडी काढली.

चरणजित सिंग. मुंबईचे, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी तीन नवी यंत्रं एकत्र जोडली : ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेका देणारं यंत्र आणि तेच टीबी-३०३. त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एचएमव्हीकडून तबकडी काढली. खपली नाही. २०१० मध्ये ती परत निघाली आणि जगभरच्या लोकांनी डोक्याला हात लावला, कारण शिकागोच्या आधी पाच वर्षं हा माणूस मुंबईत बसून जवळपास तेच वाजवत होता. चरणजितसिंग २०१५ मध्ये गेले, त्याआधी म्हातारपणी परदेशात जाऊन त्यांनी ती तबकडी लोकांसमोर वाजवली.

काकांनी मेघमल्हारावर सुई ठेवली. बाहेर तोच चालू होता. ३०३ खाली सोळा घरांत गरगरतंय आणि वर ज्युपिटर मींड घेतंय. राग म्हणून कसा? माझं मत विचाराल तर घाईचा. आलापाला जागाच नाही, ठेका मान सोडत नाही. पण ३०३ मध्ये 'स्लाईड' कशासाठी आहे ते त्या जपानी गिटारवाल्यांपेक्षा या माणसाला जास्त कळलं असावं. काकांना विचारलं, तेव्हा तुम्ही ही ऐकली होती का? "नाही हो. तेव्हा आम्हाला लग्नात 'झिंगाट' कुठलं चालेल याची काळजी. म्हणजे तेव्हाचं झिंगाट."

एक सल्ला : आर्टिस्ट व्हिलेजहून परत येताना सीबीडी बेलापूरहून मेट्रो दिसते, तिचा मोह होईल. ती पेंधरला जाते, ठाण्याला नाही. आम्ही मोह केला. सेंट्रल पार्कला उतरून खारघरच्या डोंगरावरचे धबधबे दुरून मोजले, सात झाले, आणि भिजून परत. पांडवकड्याच्या जवळ पावसाळ्यात जाऊ देत नाहीत, तेव्हा लांबूनच बघायची तयारी ठेवा.

रात्री ताईने नारळाच्या वड्यांचा डबा दिला, भाच्याने फोनमध्ये शनिवारच्या गाळ्याचं रेकॉर्डिंग.

सोमवारी सकाळी गल्लीत शिरलो तर चाचांचं दुकान उघडं. मांडीवर घोडी, हातात कानस. मी समोर बसून फोन लावला, तोच भाग, जिथे चार वाजून गेल्यावर आवाज उघडत जातो. ढोल ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मिनिटभर ते घासत राहिले. मग कानस थांबली.

"दोरा कोण सरकवतंय?" त्यांनी विचारलं.

"भाचा माझा."

"सावकाश सरकवतोय," चाचा म्हणाले आणि घोडीवर फुंकर मारली.